प्रती

जांभळ्या टोपणाची नळी आली रात्री पावणेनऊला,
बर्फाच्या डब्यात, सिन्नर फाट्यावरून
एका पोरानं मोटारसायकलवर आणलेली.
दा. वि. गायधनी, पुरुष, चोपन्न.
मूत्रपिंड प्रत्यारोपण, पाचवा महिना.
ताप आहे. भूक नाही. पांढऱ्या पेशी उतरलेल्या.
खाली डॉक्टरांचं घाईचं अक्षर: सीएमव्ही, किती?

हा 'किती' तेवढा माझा.
बाकीचं सगळं दुसऱ्यांचं.

ताकावरची निवळ काढावी
तसं रक्तावरचं पिवळं पाणी काढून घेते.
प्लेटला शहाण्णव घरं.
एका घरात मुद्दाम नुसतं पाणी,
त्यात काही उगवलं तर मी खोटी.
मशीन तापतं, निवतं, तापतं, निवतं,
दर फेरीला एकाचे दोन, दोनाचे चार.
मुंबई नाक्यावरचे ट्रक खिडकीची काच वाजवत जातात.

एकतिसाव्या फेरीला
गायधनींच्या रेघेनं मान वर केली.
पाण्याची रेघ तशीच, आडवी पडून.

नऊ हजार चारशे.
दर मिलिलिटरला, प्रती.

सकाळी अहवाल न्यायला बहीण आली, ओझरहून.
"वेणू आहेर. आडनावच असलं, द्यावंच लागतं,"
म्हणाली, आणि कमरेच्या डाव्या बाजूला हात ठेवला
जिथं आता जागा आहे.
"आमचा दामू नाशिकरोडला, नोटांच्या कारखान्यात.
अख्ख्या तावात एक नोट वाकडी छापली
तरी अंगठा बरोबर तिथंच टेकायचा.
आणि आता बघा,
त्याच्याच अंगात कोण छापत बसलंय."

मग हळूच:
"बाई, पण हे आलं कुठून?
पाणी उकळून देतो. मास्क लावतो.
नातवालासुद्धा उंबऱ्याच्या आत घेत नाही."

फायलीत मार्चमधलं एक पान आहे.
दाती: पॉझिटिव्ह. घेणारा: निगेटिव्ह.
म्हणजे लहानपणी कधीतरी तिला कसर आली असेल,
दोन दिवस शाळा बुडाली असेल,
आणि मग तो निजला तिच्या आत, पन्नास वर्षं.
लग्न झालं, तीन बाळंतपणं झाली,
शेजारणीशी भांडणं झाली, त्याला जाग नाही.
ती भावाला देऊन मोकळी झाली,
तेव्हा तोही निघाला सोबत,
नवरीबरोबर पाठराखीण जावी तसा.
आणि तिकडे, नव्या माणसाला चावू नये म्हणून
दारातलं कुत्रं गोळ्यांनी बांधून ठेवलेलं.

अहवालात 'कुठून' असा रकाना नाही.
मी म्हटलं, "हा बहुतेकांच्या अंगात असतोच, ताई.
माझ्याही असेल."
खरं होतं.
तेवढंच सांगितलं.

दोन आठवड्यांनी दोन हजार शंभर.
मध्ये कुत्र्याचा दोर जरा सैल केला
तर क्रिएटिनिन चढलं, दीडच्या पुढे,
त्या रात्री दोन गावं जागी राहिली.
पुन्हा आवळला.
मग तीनशे दहा.

काल अडतिसाव्या फेरीला रेघ जराशी हलली
आणि मशीननं आपले ठरलेले शब्द छापले:
आढळला. मोजता येत नाही.

वेणूताईंनी दोनदा वाचून घेतलं.
"म्हणजे आहे?"
आहे.
"पण किती, ते नाही."
नाही.

कागदाची घडी पिशवीत गेली, मेथीच्या जुडीशेजारी.
जिन्यापाशी थांबून म्हणाल्या,
"माझ्याकडूनच गेलाय ना तो?
डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलं होतं.
म्हटलं, बघू तुम्ही सांगता का."

मी काही बोलले नाही.
त्या उतरून गेल्या, कठड्याला धरत, एकेक पायरी.

रात्रीची प्लेट भरायची होती.
आधी पाण्याचं घर.